केस कुणाची?

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून एक नवा वाङ्मयप्रकार वाढीला लागला आहे. दलित कविता, कथा, आत्मकथन यांच्यावर आपण रात्र रात्र वाद घातले. या प्रकारावर मात्र कुणी चार ओळी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. त्याला 'केस स्टोरी' म्हणतात. परदेशातली देणगीदार संस्था आणि इथली स्वयंसेवी संस्था यांच्या भागीदारीतून तो जन्माला येतो. गुळगुळीत कागदावर, रंगीत फोटोसह छापला जातो. लेखकाचं नाव नसतं. नायक आपल्या वस्तीतला पोरगा असतो आणि वाचक साता समुद्रापलीकडे असतो. ज्याची गोष्ट, त्याला ती वाचायला मिळत नाही. मिळाली तर ती इंग्रजीत असते.

कुणी म्हणेल, हे कसलं वाङ्मय? ही तर अहवालाची पानं. माझं म्हणणं असं की आपल्या सगळ्या आत्मकथनांनी मिळून वस्तीत जेवढा पैसा आणला नसेल, तेवढा या दीड-दीड पानांच्या गोष्टी आणतात. ज्या लेखनावर पोरांचं वसतिगृह, फुटबॉलचं मैदान आणि संगणकाचा वर्ग चालतो, त्याची चिकित्सा करायची नाही तर कशाची करायची?

१

आधी ढाचा बघू. पहिल्या परिच्छेदात घाण: उघडं गटार, पत्र्याची खोली, दारुडा बाप, धुणीभांडी करणारी आई. दुसऱ्यात घसरण: शाळा सुटली, वाईट संगत लागली, पोलिसांनी उचललं. तिसऱ्यात संस्थेची ताई नाहीतर दादा भेटतो. चौथ्यात शिबिर, खेळ, समुपदेशन, कौशल्य प्रशिक्षण. पाचव्यात नोकरी, मोबाईलच्या दुकानात, मॉलमध्ये किंवा घरोघरी सामान पोचवण्याची. शेवटी पोराचं हसरं तोंड आणि कृतज्ञतेचं एक वाक्य.

या ढाच्यात काय असतं यापेक्षा काय नसतं ते महत्त्वाचं. जात नसते. वस्तीचा इतिहास नसतो. म्हणजे १९७२ च्या दुष्काळात कोणती माणसं कोणत्या गावातून, कुणाच्या शेतावरची मजुरी तुटली म्हणून शहराच्या कडेला येऊन पडली, हे नसतं. विहार नसतो, भीमजयंती नसते, नामांतराचा लढा नसतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे दुःख देणारा कुणीच नसतो. दुःख असतं ते पावसासारखं, वरून पडणारं. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'उचल्या' (१९८७) ही आपली आत्मकथनं घ्या. त्यांत दुःखाला पत्ता आहे. पाटील आहे, सावकार आहे, फौजदार आहे, कधी आपलाच नातेवाईक आहे. केस स्टोरीत पत्ता फक्त संस्थेचा असतो, देणगी पाठवण्यासाठी.

२

मी पडेगावात राहतो. औरंगाबाद, म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, सोडून छावणी ओलांडली की दौलताबाद-वेरूळच्या रस्त्यावर पडेगाव लागतं. लेणी बघायला जाणाऱ्या परदेशी पाहुण्यांच्या गाड्या आमच्या नाकासमोरून जातात. महापालिकेचा कत्तलखाना आमच्याकडे. २०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी आपल्या उरावरचा कचरा डेपो बंद पाडला, तेव्हा सगळं शहर कचऱ्यात बसलं. ७ मार्चला आमच्या शेजारच्या मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्या आल्या. दगड चालले, लाठ्या चालल्या. मग कचरा प्रक्रियेसाठी ज्या चार जागा ठरल्या, त्यांत चिकलठाणा, हर्सूल, कांचनवाडी यांच्याबरोबर चौथं नाव पडेगावचं होतं. शहराला जे नको असतं ते शहराच्या कडेला जातं, आणि कडेला कोण राहतं हे तुम्हाला सांगायला नको.

अशा वस्तीतला एक पोरगा. नाव सांगत नाही. वय एकोणीस. बाहेरच्या पैशावर चालणाऱ्या एका संस्थेच्या शिबिराला गेला. त्याची गोष्ट त्यांच्या पुस्तिकेत छापून आली. ते पान घेऊन तो आमच्या अभ्यासिकेत आला आणि म्हणाला, "दादा, हे मराठीत सांगा ना जरा." मी वाचून अर्थ सांगत गेलो. पहिल्या परिच्छेदाला तो हसला, दुसऱ्याला गप्प झाला. मग म्हणाला, "म्या सांगितलं व्हतं की बाप कचऱ्याच्या गाडीवर हाय. ठेकेदारानं चार महिने पगार दिला नाही. घरात भांडणं लागली, म्हनून म्या शाळा सोडली. यात लिवलंय बाप दारू पितो. पितो ना, खोटं नाही. पन ठेकेदार कुठं गेला?"

मी विचारलं, जातीबद्दल काही विचारलं होतं का? "नाही. ताई म्हनली, आमी जात-पात मानत नाही."

मित्रांनो, या प्रश्नावर थांबा. "पण ठेकेदार कुठं गेला?" सगळी समीक्षा या एका प्रश्नात आहे. तिकडच्या वाचकाच्या हाती गेलेली गोष्ट खोटी नाही. तिच्यातला एक माणूस फक्त काढून टाकला आहे. तो काढला की उरलेलं सगळं दारूच्या बाटलीत मावतं.

या एका पोराच्या नावावर आता तीन केसेस आहेत. सरकारी दवाखान्यात त्याचा केसपेपर आहे. मारामारीची एक पोलीस केस आहे. आणि तिसरी ही केस स्टोरी. आपल्या मराठीत 'केस' हा शब्द दोन बाजूंनी चालतो. केस म्हणजे रुग्ण आणि केस म्हणजे खटला. रुग्ण म्हटलं की आजार त्याच्या अंगात असतो आणि उपचार त्याच्यावर होतात. खटला म्हटलं की एक फिर्यादी लागतो, एक आरोपी लागतो, पुरावा लागतो आणि न्याय मागावा लागतो. या संस्थांच्या कागदात आपला पोरगा कोणती केस आहे? हाच माझा प्रश्न आहे.

३

त्यांचा एक लाडका शब्द आहे. मराठीत त्याचं 'जोखमीतील युवक' किंवा 'धोक्यातील तरुण' असं करतात. हा शब्द नीट ऐका. धोका आहे, पण कुणापासून? वाक्याला कर्ताच नाही. विहिरीजवळ खेळणाऱ्या लेकराला धोका असतो तसा आपल्या पोराला धोका आहे म्हणे.

आता दुसरा कागद बघा. महाराष्ट्रात १९८१ चा एक प्रतिबंधक कायदा आहे, ज्याला सगळे एमपीडीए म्हणतात. खटला न चालवता माणसाला स्थानबद्ध करता येतं असा तो कायदा. त्याच्या नावातच झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि धोकादायक व्यक्ती अशी माणसांची यादी आहे. म्हणजे पोलिसांच्या कागदात आपला पोरगा 'धोकादायक' आणि संस्थेच्या कागदात 'धोक्यातला'. एक काठी घेऊन येतो, दुसरा बिस्किटाचा पुडा. बिस्किट देणारा बरा, यात वाद नाही. पण दोघांचंही बोट पोराकडेच आहे. दोघांनाही पोराला बदलायचं आहे. पगार बुडवणारा ठेकेदार, खोली नाकारणारा मालक, आडनाव ऐकून मुलाखत गुंडाळणारा साहेब, यांना कुणी 'धोकादायक' म्हणत नाही आणि यांच्यासाठी कुणी शिबिरही घेत नाही.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, शब्दांचा कीस कशाला पाडता, पैसा वस्तीत येतोय ना? अरे बाबांनो, पैसा शब्दाच्या मागूनच चालतो. दोष पोरात आहे असं लिहिलं की पैसा पोराला दुरुस्त करण्यावर जातो. समुपदेशक, शिबिर, टी-शर्ट, प्रमाणपत्र. दोष ठेक्यात आहे असं लिहिलं तर तोच पैसा किमान वेतनाच्या दाव्यावर, वकिलावर, जातीच्या दाखल्यासाठी माराव्या लागणाऱ्या खेपांवर, घराच्या पट्ट्यावर जाईल. गोष्ट कशी लिहिली यावर अंदाजपत्रक ठरतं.

४

परक्या देशातल्या वाचकाला आपलं दुःख कसं सांगावं, याचा एक वस्तुपाठ आपल्याकडे आधीच आहे, आणि तो बाबासाहेबांच्या हातचा आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे त्यांचं छोटं लेखन. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिका म्हणून छापलं. नावातच सरहद्द आहे, परवाना आहे. आणि ते लिहिलं आहे परदेशी माणसासाठी. अस्पृश्यता आहे हे त्याला माहीत असतं, पण ती रोजच्या जगण्यात कशी चालते हे कळत नाही. म्हणून बाबासाहेब प्रसंग सांगतात. म्हणजे केस स्टोरीच. पण ती बघा कशी आहे.

त्यातला एक प्रसंग आमच्या रस्त्यावरचा आहे. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी बघायला निघाले आणि त्या दौऱ्यात दौलताबादच्या किल्ल्यावर गेले. प्रवासाने अंग धुळीने भरलेलं. दरवाजाजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. एक म्हातारा आरडत आला की यांनी पाणी बाटवलं. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. महिना रमझानचा होता. बाबासाहेबांनी गर्दीला उलटा प्रश्न केला: आमच्यापैकी एखादा मुसलमान झाला तर त्याला या हौदावर अडवाल का? गर्दी निरुत्तर झाली. शेवटी आत सोडलं, पण किल्ल्यात कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला.

या प्रसंगात बाबासाहेब कुठेही केविलवाणे नाहीत. जागेचं नाव आहे, साल आहे, कोण काय करत होता ते आहे. अपमान करणारा चेहऱ्यासकट उभा आहे. हिंदूंना अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानालाही अस्पृश्य असतो हा निष्कर्ष त्यांनी या पुराव्यातून काढला. वाचकाकडून दया मागितलेली नाही. वाचकाला साक्षीदार केलं आहे. ही केस म्हणजे खटला.

दुसरा प्रसंग तर थेट आपल्या विषयाचा आहे. गुजरातेतल्या भंगी समाजातला एक शिकलेला तरुण. १९३६ साली त्याला खेडा जिल्ह्यात बोरसदला तलाठ्याची नोकरी लागली. आजची संस्था असती तर तिची गोष्ट इथेच संपली असती: शिकला, नोकरी लागली, फोटो काढा. बाबासाहेबांनी दिलेली त्याची हकीकत इथून सुरू होते. कचेरीतला कारकून त्याला दूर उभं करतो. प्यायच्या पाण्याचं भांडं वेगळं, गंजकं. गावात राहायला खोली मिळत नाही. कामासाठी दुसऱ्या खेड्यात पाठवलं तर गावकरी अंगावर धावून येतात. शेवटी तो रजा काढून मुंबईला आईबापाकडे निघून येतो. १९३८ साली दादरच्या सभेत त्याने हे स्वतः उभं राहून सांगितलं.

या तरुणात कोणतं कौशल्य कमी होतं? कोणतं समुपदेशन द्यायचं राहिलं होतं? तो धोक्यात होता हे खरं, पण धोका त्याच्या अंगात नव्हता. बोरसदच्या कचेरीत होता. हा फरक ज्या गोष्टीत दिसत नाही ती गोष्ट, माझ्या मते, अर्धीच लिहिलेली आहे.

५

मग गोष्टीतून जात आणि ठेकेदार गाळतो कोण? फक्त तिकडच्या गोऱ्या देणगीदाराला शिव्या देणं सोपं आहे. मला तीन कात्र्या दिसतात.

पहिली कात्री देणगीच्या दारातली. सगळ्या परदेशी संस्था एका मापाच्या नाहीत. १९७८ साली धम्मचारी लोकमित्र ब्रिटनमधून येऊन पुण्यात राहिले. त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गणाचं काम उभं राहिलं. १९८० साली ब्रिटनमध्ये 'एड फॉर इंडिया' सुरू झाली, तीच पुढे 'करुणा ट्रस्ट' झाली. तिथले बौद्ध कार्यकर्ते घरोघर दार ठोठावून वर्गणी मागत. आपण जयंतीची वर्गणी मागतो तशीच. त्या पैशातून 'बहुजन हिताय'ची वसतिगृहं, बालवाड्या, दवाखाने महाराष्ट्रात चालले. इथे बाबासाहेबांचं नाव लपवलेलं नव्हतं, धम्म लपवलेला नव्हता. हे मोठं काम आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही दार उघडून उभ्या असलेल्या माणसाला दोन मिनिटांत काय सांगता येतं? लेकरू सांगता येतं, भूक सांगता येते. जातिव्यवस्था दोन मिनिटांत सांगता येत नाही. दाराची मर्यादा गोष्टीत उतरते.

दुसरी कात्री सरकारची. परदेशी देणगीवरचा पहिला कायदा १९७६ चा, आणीबाणीतला. त्याच्या जागी २०१० चा कायदा आला. २०११ च्या नियमांत 'राजकीय स्वरूपाची' संघटना कोणती हे ठरवताना बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको, जेल भरो हे शब्द इंग्रजी मसुद्यात जसेच्या तसे घातले होते. आपलेच शब्द! सार्वजनिक प्रश्नावर या मार्गांनी लढणाऱ्या संघटनेला परदेशी पैसा बंद, असा तो नियम. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव होऊनही १४ जानेवारी १९९४ पर्यंत विद्यापीठाच्या नावासाठी झुंजलेला आपला मराठवाडा या नियमाखाली पहिल्याच दिवशी अपात्र ठरला असता. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमाला लगाम घातला. पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेला एवढ्या कारणावरून अडवता येणार नाही असं सांगितलं. पण तोवर भीती मुरली होती. म्हणून केस स्टोरीत पोरगा फुटबॉल खेळतो, मोर्चात जात नाही.

त्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, कायदा आणखी आवळला. एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला द्यायला बंदी आली. व्यवस्थापनाच्या खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवा. अर्थ काय झाला? दिल्ली-मुंबईची मोठी संस्था पूर्वी वस्तीतल्या छोट्या मंडळाला पैसे देऊन काम करवू शकत होती, ते बंद झालं. आता ती आपला पगारी माणूस वस्तीत पाठवते. वस्तीचं मंडळ काल भागीदार होऊ शकत होतं, आज ते फक्त लाभार्थी. भागीदारी सरहद्दीपलीकडच्या आणि दिल्लीच्या संस्थेत. वस्ती त्या भागीदारीचा कच्चा माल.

आणि हा नळ कधीही बंद होऊ शकतो. अमेरिकेतली 'कम्पॅशन इंटरनॅशनल' महिन्याच्या महिन्याला मुलं दत्तक घेतल्यासारखी मदत पाठवत होती. सरकारने तिच्यावर निर्बंध घातले आणि मार्च २०१७ मध्ये तिने भारतातलं काम थांबवलं. जवळजवळ दीड लाख मुलं त्या मदतीवर होती. तिच्या धर्मप्रसाराविषयी कुणाचं काहीही मत असो. एवढ्या मुलांच्या आईबापांपैकी कुणालाही, ना देताना ना बंद करताना, विचारण्याची सोय त्या रचनेत नव्हती.

तिसरी कात्री आपल्याच शिकलेल्या माणसाच्या हातात आहे. तो वस्तीतूनच गेलेला असतो, आडनाव झाकून नोकरीला लागलेला असतो. साहेबाला काय आवडतं हे त्याला पाठ असतं. जात लिहिली तर "तुम्ही फार राजकीय लिहिता" असा शेरा येतो हे त्याला माहीत असतं. तो आपला शत्रू नाही. पण सर्वांत बारीक कातरकाम तोच करतो, कारण कुठे कातरायचं हे बाहेरच्याला माहीत नसतं.

६

या प्रकाराला आतून धडक देणारी एक कलाकृती आपल्यातल्या दिग्दर्शकाने केली आहे. नागराज मंजुळे यांचा 'झुंड', मार्च २०२२ मध्ये लागलेला. नागपूरच्या विजय बारसे यांनी २००१ साली सुरू केलेल्या झोपडपट्टी फुटबॉलवर तो बेतलेला आहे. हे काम म्हणजे सरहद्दीपार भागीदारीचं ठळक उदाहरण. बेघरांचा विश्वचषक २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात सुरू झाला. आपल्या वस्तीतली पोरं त्या विश्वचषकापर्यंत गेली. 'स्लम सॉकर'ला २०१६ साली फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला.

सिनेमाचा पूर्वार्ध जवळजवळ केस स्टोरीच्या ढाच्यात चालतो: घाण, गुन्हा, सर, चेंडू. पण मधेच भीमजयंती येते. डीजे लागतो, पोरं नाचतात आणि अमिताभ बच्चन बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभा राहतो. कोणत्याही संस्थेच्या पुस्तिकेत हे पान नसतं. जयंती आली की पोरं 'धोक्यातली' राहत नाहीत. ती एका चळवळीची पोरं होतात.

उत्तरार्धात मंजुळे खरा घाव घालतात. स्पर्धेचं बोलावणं आलं तरी गोष्ट संपत नाही. आदिवासी मुलगी आणि तिचा बाप पासपोर्टसाठी कागद गोळा करत वणवण फिरतात. हजारो वर्षं इथे राहणाऱ्या माणसाला आपण कोण हे सिद्ध करायला कागद नाही. डॉनवर पोलीस केस आहे, म्हणून व्हिसा अडतो. विमानतळावरच्या तपासणीत तो पुन्हा पुन्हा अडकतो. बाबासाहेबांनी आपल्या लेखनाला जे नाव दिलं, त्याचा अर्थ इथे पडद्यावर दिसतो. परवान्याची वाट बघणं परदेशासाठी नाही. आपल्याच देशात माणूस म्हणून आत घेतलं जाण्यासाठी आहे. शेवटी भिंत दिसते, आणि ती ओलांडायला मनाई करणारी पाटी. धोका कुठे आहे हे त्या भिंतीने सांगितलं. केस स्टोरी भिंतीचा फोटो काढत नाही.

तरीही माझी तक्रार आहे. डॉनच्या केसमध्ये कोर्टापुढे लांब भाषण करतात ते बोराडे सर. केस डॉनची, भाषण साहेबांचं. डॉन गप्प. हा सिनेमाचा व्यावहारिक नाइलाज असेल, मोठ्या नटाला मोठं भाषण लागतं. पण ढाचा इथे जिंकला. आणि पडद्याबाहेर बघा. या खेळाडूंच्या आयुष्याच्या गोष्टीचे हक्क कुणाकडे, यावरून सिनेमा लागण्याआधी कोर्टबाजी झाली, २०२० साली ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. आपल्या पोरांचं जगणं ही आता हक्क विकत घेण्याची वस्तू झाली आहे. मग तिची मालकी पहिल्यांदा कुणाची, हे आपण ठरवायला नको का?

७

यावर दोन टोकाची उत्तरं मला ऐकू येतात. एक म्हणतं, परदेशी पैसा हा चळवळ थंड करण्याचा डाव आहे, हात लावू नका. दुसरं म्हणतं, मिळतंय ते घ्या, तत्त्वज्ञान नंतर. दोन्ही मला पटत नाहीत.

स्वाभिमानाच्या नावाखाली मदत नाकारायला सांगणाऱ्यांनी ४ जून १९१३ आठवावा. त्या दिवशी बाबासाहेबांनी बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याची अट होती. म्हणजे मदत होती आणि अटीही होत्या. पण त्या पैशावर कोलंबियाला गेलेल्या विद्यार्थ्याने काय लिहिलं? ९ मे १९१६ ला त्याने जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. 'मी किती गरीब होतो आणि महाराजांनी मला कसं वर काढलं' हे नाही लिहिलं. लाभार्थ्याने स्वतःची नव्हे, व्यवस्थेची केस मांडली. परदेशी शिक्षणाचा आपल्या इतिहासातला सर्वांत मोठा अहवाल हाच आहे, आणि तो लाभार्थ्याच्या सहीचा आहे.

आणि 'मिळतंय ते घ्या' म्हणणाऱ्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा आठवावी. १९२४ ची संस्था. १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला वसतिगृह काढलं. पोरांना निवारा, अन्न, अभ्यास, सगळं तिथेही होतं. पण वसतिगृह चालवणारी सभाच पुढे महाडच्या सत्याग्रहात उभी राहिली. सेवा आणि लढा यांच्यात तेव्हा भिंत नव्हती. आमच्या नागसेनवनातही १९५० पासून हेच घडलं. मिलिंदच्या वसतिगृहात जेवणारी पोरं लाभार्थी म्हणून बाहेर पडली नाहीत, कवी आणि कार्यकर्ते म्हणून पडली.

सरहद्दीपार भागीदारी जात सांगूनही होऊ शकते, हेही सिद्ध झालं आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना पत्र लिहिलं, त्यांचं उत्तर आलं. एक पैसा इकडून तिकडे गेला नाही, पण दोन लढ्यांची ओळख झाली. १९७२ ला पँथरने नाव घेतलं तेही असंच. २००१ साली दरबानच्या वंशविद्वेषविरोधी परिषदेत भारत सरकारचा विरोध असताना आपले कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन गेले, आणि परदेशातल्या मित्रसंघटना त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. तिथे आपण कुणाच्या पुस्तिकेतले फोटो नव्हतो. फिर्यादी होतो.

८

म्हणून मित्रांनो, माझं म्हणणं व्यवहाराचं आहे. तुमच्या वस्तीत अशी संस्था येईल, कदाचित आलेलीही असेल. तिला हाकलू नका. चार गोष्टी मागा. पोराची गोष्ट छापण्याआधी ती मराठीत त्याला वाचून दाखवा आणि त्याने 'ठेकेदार कुठं गेला' विचारलं तर ठेकेदार परत आत घाला. त्याचं नाव, फोटो त्याला नको असेल तर छापू नका. आमच्या वस्तीच्या नावावर किती पैसा आला आणि कशावर गेला, तो हिशोब विहारात सगळ्यांसमोर वाचा. आणि ज्या समितीत आमच्याविषयी निर्णय होतो तिच्यात आमची माणसं बसवा, चहा द्यायला नव्हे, सही करायला.

त्यांनी हे मानलं तर ती भागीदारी. नाही मानलं तर ते दान, आणि दानाच्या पावतीवर आपला फोटो छापायला आपण देणं लागत नाही.

पण पाचवी गोष्ट त्यांच्याकडे मागायची नाही, आपणच करायची आहे. आपल्या केसेस आपण लिहायच्या. साल, जागा, कोण, काय, किती पगार बुडाला, कुणी बुडवला. रडगाणं नको आणि हसरा फोटोही नको. आमच्या अभ्यासिकेत आम्ही एक वही घातली आहे. पहिली नोंद त्या पोराने स्वतःच्या हाताने केली. व्याकरण कच्चं आहे, ठेकेदाराचं नाव पक्कं आहे. तुमच्या वस्तीत वही घाला. भरली की या अंकासाठी पाठवा. स्टेन्सिल कापायला आम्ही बसलोच आहोत.

जयभीम.